मठाखालचा सेनापती

१८ जानेवारी १९४४. इटलीत गारिग्लियानो नदीवर जर्मनांच्या ९४व्या डिव्हिजनची फळी आदल्या रात्री फुटली होती. ब्रिटिशांची दहावी कोअर अंधारात नदी ओलांडून आली होती आणि काठावरच्या टेकड्या एकेक करून घेत होती. या टापूची जबाबदारी असलेला जनरल फ्रिडो फॉन सेंगर उंड एटर्लिन डिव्हिजनच्या ठाण्यावर पोहोचला, त्याने परिस्थिती ऐकून घेतली आणि फोन उचलला. रीतीप्रमाणे त्याने दहाव्या सैन्याच्या मुख्यालयाशी, म्हणजे आपल्या लगतच्या वरिष्ठांशी बोलायला हवे होते. तो थेट सरसेनापती केसेलरिंगशी बोलला. रोमजवळ राखीव ठेवलेल्या दोन्ही डिव्हिजन, २९वी आणि ९०वी पॅन्झर ग्रेनेडियर, मला ताबडतोब द्या, असे त्याचे मागणे होते. केसेलरिंगने ते मान्य केले.

फळी सावरली. पण रोमलगतचा किनारा ओस पडला आणि चारच दिवसांनी, २२ जानेवारीला, दोस्तांच्या फौजा अँझिओच्या किनाऱ्यावर जवळपास विनाप्रतिकार उतरल्या. जर्मनांच्या राखीव फौजा दक्षिणेकडे खेचून घ्यायच्या, हाच तर दोस्तांचा बेत होता. सेंगर त्या गळाला लागला असे म्हणता येते, आणि त्याने तो फोन केला नसता तर कॅसिनोची आघाडी जानेवारीतच कोसळली असती असेही म्हणता येते. त्याच्या कारकिर्दीतल्या बहुतेक निर्णयांना अशा दोन बाजू आहेत. त्याचे कारण रणनीतीत जितके आहे, तितकेच त्या माणसाच्या स्वभावात आहे.

ऑक्सफर्डचा विद्यार्थी

सेंगरचा जन्म ४ सप्टेंबर १८९१चा. गाव वाल्ड्सहूट, दक्षिण जर्मनीतल्या बाडेन प्रांतात, स्वित्झर्लंडच्या सीमेला खेटून. घराणे जुने आणि कॅथलिक. जर्मन सेनापती म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो करड्या शिस्तीचा, प्रोटेस्टंट प्रशियन जमीनदार. सेंगर त्या साच्यातला नव्हता. १९१२ मध्ये तो ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. त्या काळी या शिष्यवृत्तीसाठी जर्मन विद्यार्थ्यांची निवड खुद्द कैसर करत असे. दोन वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले आणि ज्यांच्यासोबत तो शिकला, तेच खंदकापलीकडे उभे राहिले.

त्या युद्धातला एक प्रसंग त्याने आत्मकथनात लिहून ठेवला आहे. त्याचा धाकटा भाऊ वैमानिक होता. १९१७ मध्ये कांब्रेच्या लढाईत त्याचे विमान पाडले गेले. तो एका सामूहिक कबरीत पुरला गेल्याचे कळल्यावर सेंगर तिथे गेला. आघाडीवर गोळीबार चालू असताना त्याने ती कबर उकरायला लावली आणि एकावर एक रचलेल्या प्रेतांतून भावाचे प्रेत शोधून बाहेर काढले.

युद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखापुरते मर्यादित केले. त्यात ज्या थोड्या अधिकाऱ्यांना जागा मिळाली, त्यांत सेंगर होता. तो घोडदळात गेला आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे त्यातच रमला. जनरल स्टाफच्या परीक्षा देऊन वर चढणाऱ्यांचा ठरलेला मार्ग त्याच्या वाट्याला आला नाही. म्हणून दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा अठ्ठेचाळिशीला आलेला हा माणूस एका घोडदळ रेजिमेंटचा कर्नल होता; त्याच्याहून तरुण कितीतरी जण पुढे निघून गेले होते.

१९४० मध्ये फ्रान्सच्या मोहिमेत त्याच्या हाती एक मोटारीवरची ब्रिगेड आली. जूनमध्ये शेरबुर्ग बंदराकडे झालेल्या धडकेत ही ब्रिगेड जनरल रोमेलच्या फौजेच्या जोडीने होती. नाव झाले ते रोमेलचे. सेंगरची रवानगी झाली इटलीत, तुरिनला. फ्रान्स आणि इटली यांच्यातील युद्धबंदी राबवणाऱ्या आयोगावर जर्मन प्रतिनिधी म्हणून. तिथल्या दोन वर्षांत तो इटालियन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या सैन्याच्या मर्यादांना चांगले ओळखू लागला. ही ओळख पुढे कामी आली.

स्टालिनग्राडच्या वाटेवर

१९४२च्या शरद ऋतूत त्याला १७वी पॅन्झर डिव्हिजन मिळाली. पॅन्झर म्हणजे चिलखती, रणगाड्यांची. नाव भारदस्त असले तरी रशियातल्या लढायांत ही डिव्हिजन झिजली होती आणि तिच्याकडे चालते रणगाडे अगदी थोडे उरले होते. डिसेंबरात जनरल होथच्या हाताखाली ती स्टालिनग्राडमध्ये कोंडल्या गेलेल्या सहाव्या सैन्याच्या सुटकेसाठी निघाली. बर्फातून झुंजत ही फौज मिश्कोवा नदीपर्यंत पोहोचली. वेढ्यातले सैनिक तिथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर होते. तेवढ्यात रशियनांनी वायव्येला इटालियन सैन्याची फळी फोडली आणि मदतीला आलेल्यांवरच वेढ्यात सापडण्याची पाळी आली. मोहीम सोडून द्यावी लागली. या लढायांसाठी फेब्रुवारी १९४३ मध्ये सेंगरला नाइट्स क्रॉस मिळाला. हा गळ्यात घालायचा क्रॉस म्हणजे रणांगणावरच्या कामगिरीसाठीचा जर्मनीचा मोठा बहुमान. सगळ्या युद्धात तो सात हजारांवर लोकांना मिळाला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात तो सिसिलीत इटालियन सहाव्या सैन्याकडे जर्मन संपर्क अधिकारी होता आणि सप्टेंबरात सार्डिनिया-कॉर्सिकामधल्या जर्मन फौजांचा प्रमुख. नेमक्या त्याच दिवसांत इटलीने दोस्तांशी युद्धबंदी जाहीर केली. कालचे मित्र रातोरात शत्रू झाले. सार्डिनियातले सैन्य कॉर्सिकात आणायचे आणि तिथून बास्तिया बंदरातून जहाजांनी व विमानांनी मुख्य भूमीवर पोहोचवायचे, हे काम सेंगरने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरे केले. सुमारे तीस हजार माणसे सुटली.

या धावपळीत हिटलरचा हुकूम आला: जर्मनांविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या इटालियन अधिकाऱ्यांना गोळ्या घाला. सेंगरच्या ताब्यात असे सुमारे दोनशे अधिकारी होते. हे मी करणार नाही, असे त्याने केसेलरिंगला फोनवर सांगितले आणि कैदी जहाजात बसवून मुख्य भूमीवर पाठवून दिले. केसेलरिंगने प्रकरण पुढे जाऊ दिले नाही. ग्रीसमधल्या केफालोनिया बेटावर याच महिन्यात असाच हुकूम तंतोतंत पाळला गेला. तिथे शरण आलेले हजारो इटालियन सैनिक व अधिकारी ठार मारले गेले. नकार देणे शक्य होते, आणि सेंगरला तो दिल्याबद्दल शिक्षाही झाली नाही. उलट त्याच ऑक्टोबरात त्याला १४व्या पॅन्झर कोअरची सूत्रे मिळाली.

कॅसिनो

नेपल्सहून रोमला जाणारा हमरस्ता लिरी नदीच्या खोऱ्यातून जातो. दोन्ही बाजूंना उंच, ओसाड डोंगर. रणगाडे न्यायचे तर हे खोरे सोडून वाट नाही. खोऱ्याच्या तोंडाशी कॅसिनो गाव, गावाच्या डोक्यावर सुमारे ५२० मीटर उंचीचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर संत बेनेडिक्टने इ. स. ५२९च्या सुमारास स्थापलेला मठ. घाटाच्या तोंडाशी किल्ला असावा तशी ही जागा. फरक एवढाच की माथ्यावर तटबंदीत राहत होते ते साधू. समोरून रापिदो आणि गारी नद्या वाहत होत्या. जर्मनांनी रापिदोचे पाणी शेतांत सोडून खोऱ्याचा चिखल केला, काठांवर सुरुंग पेरले, डोंगरात खडक फोडून तोफांच्या व मशीनगनच्या जागा खोदल्या. या फळीला त्यांनी नाव दिले होते गुस्टाव्ह लाइन. कॅसिनोचा टापू सेंगरच्या कोअरकडे होता.

योगायोग असा की सेंगर बेनेडिक्टाइन पंथाचा दीक्षित गृहस्थ सदस्य होता. ज्या मठातून हा पंथ युरोपभर पसरला, त्याच्याच पायथ्याशी त्याला लढायचे होते. १९४३च्या नाताळात तो मठात प्रार्थनेला गेला. मठ तटस्थ मानायचा असे ठरलेले होते. म्हणून तिथल्या खिडक्यांतून खाली दिसणाऱ्या रणभूमीकडे पाहायचेही त्याने टाळले, अशी आठवण सांगितली जाते. मठातला ग्रंथसंग्रह आणि कलाकृती दोन जर्मन अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने त्याआधीच रोमला हलवल्या गेल्या होत्या.

जानेवारीत अमेरिकेच्या ३६व्या, टेक्सासच्या डिव्हिजनने रापिदो ओलांडायचा प्रयत्न केला. दोन दिवसांत तिचे १,६८१ लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पलीकडच्या जर्मनांना हा मोठा हल्ला होता याची नीट कल्पनाही आली नाही. मग अमेरिकेची ३४वी डिव्हिजन आणि फ्रेंचांची उत्तर आफ्रिकी पथके उत्तरेकडच्या डोंगरांतून मठाच्या अगदी जवळ पोहोचली. सेंगरची पद्धत अशा वेळी दिसून येई. तो मुख्यालयात बसून नकाशावर लढत नसे. रोज आघाडीवर जाई, गाडी थांबेल तिथून पुढे चालत डोंगर चढे. पायदळाच्या कंपन्यांत किती माणसे उरली आहेत, हे त्याला स्वतः पाहायचे असे. एकेक पलटण इकडून काढून तिकडे लावायची, खिंडार पडले की लगेच लहानसा प्रतिहल्ला करायचा, म्हणजे शत्रूला पाय रोवायला वेळ मिळत नाही, असे त्याचे तंत्र होते. या कामात त्याचा उजवा हात होता ९०व्या डिव्हिजनचा जनरल बाडे. हा गडी आफ्रिकेत असताना विजारीवर स्कॉटिश घागरा चढवून फिरत असे.

फेब्रुवारीत दोस्तांनी थकलेल्या अमेरिकनांच्या जागी न्यूझीलंडची फौज आणि चौथी भारतीय डिव्हिजन आणली. तिचे प्रमुख जनरल टकर यांचे म्हणणे होते की माथ्यावरची इतक्या जाड भिंतींची इमारत शाबूत ठेवून डोंगर चढणे म्हणजे माणसे मारणे आहे. जर्मन आत असोत वा नसोत, वेळ आल्यावर ते आत शिरणारच. बरीच वादावादी झाली. अमेरिकन जनरल क्लार्क नाखूश होता. अखेर १५ फेब्रुवारीला दोनशेवर बॉम्बफेकी विमानांनी मठाचा ढिगारा केला. आत आसऱ्याला आलेले अनेक नागरिक मेले. जर्मन सैनिक आत नव्हते. मात्र त्यांचे मोर्चे मठाच्या भिंतींखालच्या उतारावर होते, हेही खरे.

ऐंशीच्या घरातले मठाधिपती ग्रेगोरियो दियामारे दोन दिवसांनी उरलेल्यांना घेऊन ढिगाऱ्यातून बाहेर पडले. सेंगरने त्यांना गाडी पाठवून आपल्या मुख्यालयात आणले, त्यांची व्यवस्था केली आणि मठात जर्मन सैनिक नव्हते हे त्यांच्याच तोंडून नभोवाणीसाठी ध्वनिमुद्रित करून घेतले. भक्त सेंगर आणि सेनापती सेंगर यांचे काम इथे एकाच वेळी चालले होते. पुढे गोबेल्सच्या प्रचार खात्याने या वृद्धाला रोममध्ये छळले, तेव्हा सेंगर चिडला. पण वाट त्यानेच मोकळी करून दिली होती.

बॉम्बफेक आणि पायदळाचा हल्ला यांचा मेळ बसला नाही. राजपुताना रायफल्स आणि गुरखा पलटणी रात्रीच्या अंधारात काटेरी झुडपे, तारा आणि सुरुंगांतून चढल्या आणि मोठी हानी सोसून मागे आल्या. जर्मन छत्रीधारी सैनिकांनी मग मठाचे अवशेष ताब्यात घेतले. ढिगाऱ्यात लपायला इमारतीपेक्षा जास्त जागा होती. मार्चमध्ये कॅसिनो गावावरही विमाने सोडली गेली. तेव्हा नवव्या गुरखा पलटणीची एक तुकडी मठापासून हाकेच्या अंतरावरच्या हँगमन्स हिल या टेकाडावर जाऊन बसली आणि विमानातून टाकल्या जाणाऱ्या रसदीवर दिवस काढत राहिली. शेवटी तिलाही मागे बोलवावे लागले.

एक पदक, एक गैरहजेरी

एप्रिलमध्ये सेंगरला हिटलरकडून नाइट्स क्रॉसवर ओक पानांचा बहुमान घेण्यासाठी बोलावणे आले. हा बहुमान मिळालेले सगळ्या युद्धात नऊशेही नाहीत. समोर उभा राहिलेला हिटलर त्याला थकलेला, वाकलेला आणि उमेद देण्यासारखे काही न उरलेला दिसला. सेंगर नाझी राजवटीचा द्वेष्टा होता आणि जवळच्या माणसांत ते लपवतही नव्हता. युद्ध हरलेले आहे हे त्याला कळले होते. या राजवटीचा पराभव व्हायला हवा असे वाटत असताना तिच्यासाठी लढत राहायचे, हा पेच त्याने आत्मकथनात आडपडदा न ठेवता मांडला आहे.

पदकानंतर प्रशिक्षण वर्ग आणि रजा. ११ मेच्या रात्री अकरा वाजता दोस्तांच्या सोळाशेवर तोफा एकदम सुरू झाल्या, तेव्हा सेंगर जर्मनीत होता. त्याचा वरिष्ठ फिएटिंगहोफही रजेवर. आठव्या भारतीय डिव्हिजनने गारी नदीवर पूल टाकून खोऱ्यात पाय रोवला. जिथून कोणी येईल असे जर्मनांना वाटले नव्हते, त्या औरुंची डोंगरांतून फ्रेंच जनरल जुअँचे मोरोक्कन सैनिक खेचरांसह पलीकडे उतरले. सेंगर परतला तोवर फळीची शकले झाली होती. १८ मे रोजी पोलिश सैनिकांनी मठाच्या ढिगाऱ्यावर झेंडा लावला. चार महिन्यांच्या या लढायांत दोस्तांचे सुमारे ५५ हजार आणि जर्मनांचे सुमारे २० हजार सैनिक मारले गेले वा जखमी झाले. ४ जूनला रोम पडले.

त्यानंतर अकरा महिने सेंगर मागे हटत लढला. इटलीच्या याच आघाडीवर, त्याच्या कोअरसमोर नसल्या तरी, मराठा पलटणी होत्या. १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांची सगळी तुकडी एका मशीनगनपुढे ठार वा जखमी झाली. घाडगे एकटे धावले. हातबॉम्बने मशीनगन गप्प केली, टॉमीगनने एकाला टिपले आणि मॅगझिन बदलायला सवड नाही म्हणून तीच बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना झोडपले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तिथेच पडले. रायगड जिल्ह्यातल्या या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या एप्रिलात सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी तो जिवंतपणी मिळवला. दोन जखमींना पाठीवरून सुरक्षित जागी नेऊन ते परत फिरले आणि शत्रूच्या मशीनगनच्या तीन जागा त्यांनी एकट्याने मोडल्या. या मोहिमेत साडेपाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक मेले.

सेंगरच्या कौशल्याची किंमत मोजायची तर या हिशेबासकट मोजावी लागते. त्याने जितके महिने आघाडी धरली, तितके महिने तिच्या मागे राजवटीचे काम चालू राहिले. ऑगस्ट १९४४ मध्ये सांतान्ना दी स्ताझ्झेमा या डोंगरी गावात आणि शरद ऋतूत मार्झाबोत्तोच्या परिसरात एस. एस. सैनिकांनी बायकामुलांसह शेकडो गावकऱ्यांची कत्तल केली. गनिमी काव्याने लढणाऱ्यांविरुद्ध हात मोकळे सोडणारे हुकूम केसेलरिंगचे होते. कॉर्सिकात सेंगरला पाठीशी घालणारा तोच केसेलरिंग. १९४७ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड ठोठावला. पुढे शिक्षा कमी होऊन १९५२ मध्ये तो सुटलाही. सेंगरवर खटला झाला नाही. जुलै १९४४च्या हिटलरविरोधी कटातही तो नव्हता. हाताखालच्या माणसांशी इमान आणि सैनिकाची शपथ त्याला बांधून ठेवत होती, असे त्याचे समर्थक म्हणतात. त्याच्यासारख्या सभ्य माणसांच्या आज्ञाधारकपणावरच ती राजवट शेवटपर्यंत तगली, असे टीकाकार म्हणतात. दोन्ही बाजूंना आधार त्याच्याच पुस्तकात सापडतो.

४ मे १९४५ रोजी इटलीतील जर्मन फौजांच्या वतीने फ्लॉरेन्समध्ये जनरल मार्क क्लार्कपुढे औपचारिक शरणागतीसाठी उभा राहिला तो सेंगरच. इंग्रजी उत्तम येणारा, कॅसिनोत क्लार्कला महिनोन्‌महिने अडवून धरणारा हा गृहस्थ त्या कामाला योग्यच होता. मग तो वेल्समधल्या ब्रिजेंड इथल्या युद्धकैदी छावणीत गेला आणि १९४८ मध्ये सुटला. काही काळ त्याने कुर्ट हान यांनी उभ्या केलेल्या झालेम इथल्या शाळेत काम केले. ऑक्टोबर १९५० मध्ये पश्चिम जर्मनीच्या नव्या सैन्याचा आराखडा बनवण्यासाठी हिमेरोडच्या मठात गुप्तपणे जमलेल्या माजी अधिकाऱ्यांत तो होता. आत्मकथन १९६० मध्ये निघाले. जानेवारी १९६३ मध्ये फ्रायबुर्गला त्याचा मृत्यू झाला.

मुलगा फर्डिनांड रशियाच्या आघाडीवर एक हात गमावून परतला होता. तरीही तो नव्या सैन्यात भरती झाला, चढत गेला आणि १९७९ मध्ये नाटोच्या मध्य युरोपातील फौजांचा सरसेनापती झाला. १९८३ पर्यंतच्या त्या चार वर्षांत त्याच्या हुकमतीखाली ब्रिटिश आणि अमेरिकन कोअरही होत्या.